सोडलेलं फळ

१

मधुसूदनराव झाशी स्टेशनावर पार्सल बाबू होते, आणि पार्सल बाबूच्या नशिबातलं सगळ्यात गोड सुख म्हणजे नासकी करंडी. साहेबांच्या क्लबाला, छावणीतल्या गोऱ्या मंडळींना, आसपासच्या संस्थानिकांना मुंबईहून नि कलकत्त्याहून फळं यायची. जेठाच्या उन्हात डब्यातल्या डब्यात त्यांचा मुरंबा व्हायचा. मग वरून हुकूम सुटायचा, टाकून द्या. मधुसूदनराव हुकमाचे ताबेदार. ते ती फळं उचलायचे आणि थेट प्रेमनगरातल्या आपल्या घरात नेऊन टाकायचे. हुकूम पाळल्याचं पुण्य ते पुण्य, वर फळ फुकट.

नासकं तेवढं कापून उरलेलं ते स्वतः खायचे, पण खरी मजा खाऊ घालण्यात. शेजारी भीमराव गार्ड राहायचे, मिशी अशी की लहान पोरं रडायची थांबावीत. त्यांना एकदा ‘काबुली आंबा’ म्हणून असलं काही तुरट फळ दिलं, की तोंड आवळून बसलं आणि गाडी सोडायच्या वेळी शिट्टीच फुंकता येईना. ओरछा गेटाच्या वस्तीतून यज्ञेश्वर भटजी यायचे. त्यांना विलायती लोण्याचं फळ दिलं, उपासाला चालतं म्हणून सांगितलं. भटजींनी अख्खी एकादशी त्यावर साखर घालून काढली आणि द्वादशीला विचारायला आले, “हे मधुसूदनराव, हे लोणी पुन्हा कधी फळतं?”

घरात मात्र एक माणूस त्या फळांना शिवत नसे. आई, दुर्गाबाई. साताऱ्याकडची कडक बाई. मुलाची नोकरी इकडे म्हणून इकडे आली, पण इकडची कधी झाली नाही. “कुठल्या कुठल्या म्लेंच्छांची फळं,” म्हणायची. पण बी टाकलेली तिला सोसत नसे. फळ खाऊन झालं की ताटातल्या बिया गोळा करायची, मोरीवर चोळचोळून धुवायची, चुलीतल्या राखेत घोळायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत एका रांगेत मांडायची. जी फळं तोंडात घालायची नाहीत, त्यांच्या बिया इतक्या जिवापाड जपायच्या! म्हाताऱ्या माणसांचं गणित म्हाताऱ्या माणसांपाशी.

त्या बिया मधुसूदनराव घासलेटच्या डब्यांत लावायचे. उगवायच्या. वैशाखात तिकडची भाजणारी लू सुटली की एका आठवड्यात सगळ्यांचा पापड. मोरीचं पाणी जिथं जायचं तिथला एक डबा तेवढा तगला होता. त्यातलं रोप कमरेइतकं झालं, पानं चामड्यासारखी, लूला भीक घालत नव्हती. पण फूल नाही, फळ नाही. कसली बी होती ते मधुसूदनराव विसरून गेले होते. करंडीवर सिंगापूरचं काहीतरी लिहिलं होतं एवढं आठवायचं, म्हणून त्याला ते ‘सिंगापुरी’ म्हणायचे.

आणि हो, सून राहिली. सून नेहमी शेवटीच राहते. अनुसूया बुंदेलखंडातल्या गुरसरायची. पेशव्यांच्या अमदानीत तिकडे गेलेलं घराणं, त्यामुळे मराठी जुनी आणि तिला हिंदीची फोडणी. “अहो, जरा रुका ना,” असं म्हणायची. दुर्गाबाई पदर खांद्यावर सारखा करायच्या नि म्हणायच्या, “सूनबाई, तुमच्या गुरसरायला असंच करतात वाटतं?” आमटीला गूळ कमी, गुरसराय. पोळीला तूप जास्त, गुरसराय. पाऊस लांबला तरी गुरसराय. अनुसूया परसात जाऊन डोक्यावरून पदर घ्यायची, तेच वाक्य त्याच ठसक्यात म्हणायची, आणि तोंडावर हात दाबून अशी हसायची की सिंगापुरीची पानं हलावीत. ते हसणं ऐकायला मधुसूदनराव मुद्दाम मोरीपाशी घुटमळायचे. थट्टेखोर माणसाला दुसऱ्या थट्टेखोराची कदर असते.

२

मग दुर्गाबाईंना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं. चिमटा काढला तरी कळेना. ओठाच्या उजव्या कडेतून पेज गळायची आणि अनुसूया पदराच्या टोकानं टिपायची. वाचा अर्धी गेली, पण ‘गुरसराय’ शाबूत राहिलं. शेवटच्या घासापर्यंत सुनेनं भरवलं आणि शेवटच्या घासापर्यंत सासूनं ते वाक्य म्हटलं. मग गेल्या.

मधुसूदनरावांना काही वाटलं नाही. चितेपाशी उभं राहून त्यांनी वाट पाहिली, आता येईल रडू. आलं नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय जसा दुसऱ्याचा होतो, तसं छातीच्या आत काहीतरी दुसऱ्याचं झालं होतं. घरी आले, जेवले, कामावर गेले. सवयीनं थट्टा करायचे, लोक हसायचे, आणि हे ती हसणारी तोंडं नुसती बघायचे.

रीत म्हणून अनुसूयेला घेऊन गयेला गेले. पिंड झाले. अक्षयवटाखाली पंडा म्हणाला, “यजमान, माताजी के नाम एक फल छोड़ना पड़ेगा. जो सबसे प्यारा हो. फिर जिंदगी भर मुँह नहीं लगाना.”

शेजारच्या यजमानानं आंबा सोडला आणि ढसाढसा रडला. मधुसूदनरावांच्या मनात आलं, आंबा? छे. सीताफळ? मुळीच नाही. आणि मग त्यांच्यातला जुना खोडकर पोरगा डोळे मिचकावून उठला. ते गंभीर चेहरा करून म्हणाले, “सिंगापुरी.”

“ये कौन सा फल है?”

“हमारे घर होता है.”

“प्यारा है?”

“जान से ज्यादा.”

पंड्यानं हातावर पाणी सोडलं. “छोड़ा?”

“छोड़ा.”

“अब वो माताजी का हुआ. तुम्हारा नहीं.”

परतीच्या गाडीत त्यांनी हा पराक्रम अनुसूयेला सांगितला. न लागणारं फळ सोडलं! ती आधी खळखळून हसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “अहो, पण मेलेल्या माणसाला असं फसवतात होय?”

३

घरी आले तर सिंगापुरीला फुलं होती.

मधुसूदनरावांना गंमत वाटली. झाडालाही थट्टा कळते तर! फुलं गळली आणि चार फळं धरली. मुठीएवढी, काळपट जांभळी. साल म्हशीच्या कानासारखी मऊ. उन्हात तापून बाकी सगळं परस भाजत असायचं आणि त्या फळांना हात लावला तर गार. इतक्या वर्षांत स्वतःच्या हातानं वाढवलेलं एकच झाड फळलं, आणि तेच नेमकं आपल्याला वर्ज्य. तोंडाला पाणी सुटायचं. पण शपथ मोडायची छाती नव्हती. दुनियेची थट्टा करणारे आतून पक्के भित्रे असतात.

वर्षश्राद्ध आलं. यज्ञेश्वर भटजी आईच्या स्थानी बसून जेवले, जेवले म्हणजे काय, भिंती सोडून सगळं जेवले. वर काय द्यावं? मधुसूदनरावांनी पहिलं फळ कापून पुढं ठेवलं. पहिल्यांदा दुसऱ्याला खाऊ घालून बघावं, हा त्यांचा जुना कायदा. आत गर होता मऊ शिजलेल्या भातासारखा पांढरा, गच्च, आणि त्यात काळ्या चपट्या बिया.

“कसं आहे, भटजी?”

“हं.” भटजी चघळत राहिले. “चव... चव नाही हो. जीभ बधिर झाली.”

तरी संपवलं. मग ते उठले. दक्षिणेकडे न बघता उठले, तिथंच कोणीतरी सावध व्हायला हवं होतं. ताटातल्या बिया ओंजळीत घेऊन ते मोरीवर गेले. चोळचोळून धुतल्या. चुलीपाशी बसून राखेत घोळल्या. खिडकीत मांडल्या, एका रांगेत. अनुसूया आमटीचं पातेलं घेऊन उभी होती. भटजींनी तिच्याकडे वळून उपरणं खांद्यावर सारखं केलं.

“सूनबाई, आमटीला गूळ नव्हता. तुमच्या गुरसरायला असंच करतात वाटतं?”

मधुसूदनराव पोट धरून हसले. भटजींनी हे वाक्य या घरात शंभरदा ऐकलं होतं. नक्कल छान केली. मात्र अनुसूया हसली नाही.

“अहो,” ती नंतर हळूच म्हणाली, “नकलेत माणूस जरा जास्त करतो. यांनी काहीच जास्त केलं नाही.”

४

दुसरं फळ भीमरावांनी स्वतः येऊन मागितलं. “भटाला घालता नि शेजाऱ्याला विसरता? काढा!”

“काबुली आंबा विसरलात वाटतं, भीमराव?”

“मिशीची शपथ, या वेळी फसलो तर मिशी काढीन.”

मागच्या ओसरीवर बसून त्यांनी फळ खाल्लं. जीभ सुन्न झाली म्हणाले. बिडी पेटवली. मधुसूदनराव स्टेशनातली एक चावट गोष्ट सांगत होते, बरं चाललं होतं. गोष्ट संपली तरी भीमराव हसेनात. परसातल्या झाडाकडे बघत बसले होते. बिडी जळत जळत बोटांशी आली. बोटांना लागली. वास आला. भीमरावांनी हात हलवला नाही.

“अहो गार्डसाहेब! हात!”

भीमरावांनी सावकाश हाताकडे पाहिलं, दुसऱ्याची वस्तू आपल्या मांडीवर राहून गेल्यासारखं. मग तोच भाजलेला हात उचलून त्यांनी डाव्या खांद्यावर नेला, आणि गार्डाच्या कोटावरून, जिथं काहीही नव्हतं, तिथून एक पदर पुढं ओढून सारखा केला.

अनुसूया चहा घेऊन आली. भीमराव प्याले. मिशीच्या उजव्या बाजूनं चहा ओघळला आणि कोटावर टपटपू लागला. अनुसूयेचा हात आपसूक वर गेला, पदराचं टोक बोटांत धरून, ओठ टिपायला. मिशीपासून वीतभर अंतरावर तो थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. असं, की थट्टा असेल तर आता पुरे.

पण ही थट्टा आहे, ही शंका तर मधुसूदनरावांना त्या दोघांबद्दलच होती! त्या दिवशी कामावर त्यांनी डोकं चालवलं आणि सगळा उलगडा झाला. ही मंडळी आपल्यावर उलटली. काबुली आंब्याचा नि विलायती लोण्याचा सूड. भटजी आणि गार्ड दोघांनी मिळून कट केलाय. आईच्या नकला करून आपल्याला घाबरवतायत. वा रे पठ्ठे! मधुसूदनरावांना त्यांचं कौतुकच वाटलं. बोट भाजून घेतलं, पण सोंग मोडलं नाही. खरा गडी. आपण तरी काय वेगळं केलं असतं?

५

म्हणून तिसरं फळ त्यांनी हल्केला दिलं.

हल्के दूधवाला. ओरछ्याच्या रस्त्यावरून सकाळी दूध घेऊन यायचा. त्याला मराठीचा म सुद्धा येत नव्हता. भटजींशी ओळख नाही, भीमरावांना भ्यायचा. कटात नसलेला या गल्लीतला हा एकच माणूस. डोकं म्हणजे डोकं, मधुसूदनरावांचं!

“बाबूजी, जो का आय?” हल्केनं फळ उलटंपालटं करून पाहिलं.

“खा के देख. सिंगापूर का है.”

“पिछली बेर जो खवाओ तो, तीन दिना लौं भैंस खों सोई हमसें बास आई.” मागचं फळ खाऊन तीन दिवस त्याच्या अंगाचा वास म्हशीलाही सोसेना, अशी तक्रार.

“अरे खा. इसमें बास नहीं.”

हल्केनं खाल्लं. “मों तो सुन्न हो गओ,” म्हणाला आणि हसला. मधुसूदनरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बघा, काही नाही. सिद्ध झालं. आता संध्याकाळी भीमरावांना गाठून सांगायचं, शाब्बास, जिंकलात.

आतून दूध उतू गेल्याचा आवाज आला. हल्केनं डोईवरची चुंबळ काढली, बाजूला ठेवली. तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. त्या दारापलीकडे तो आजवर कधी गेला नव्हता. उजवा पाय जरा ओढत होता.

“सूनबाई,” तो म्हणाला, “दुधावर नजर असावी लागते. तुमच्या गुरसरायला असंच करतात वाटतं?”

साताऱ्याकडचा च, साताऱ्याकडचा ठसका. एका अक्षराला बुंदेली वारा लागलेला नाही.

मधुसूदनरावांनी टाळी वाजवली. मोठ्यांदा. “शाब्बास! किसने सिखाया, हल्के? गार्डसाहब ने?”

हल्के वळला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, भीती नव्हती, काहीच नव्हतं. गोठ्याच्या भिंतीला असतो तेवढाच भाव. त्यानं ओंजळ उघडून आतल्या ओल्या बियांकडे पाहिलं आणि मोरीकडे चालू लागला. मधुसूदनरावांचे टाळी वाजवलेले हात तसेच जुळलेले राहिले. दुरून कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाबूजी नमस्कार करतायत.

६

सकाळी सगळं ठीक असायचं. भटजी सत्यनारायण सांगायचे, भीमराव भाजलेल्या बोटांचं भान नसताना आपल्या गाड्या न्यायचे, हल्के दूध घालायचा आणि हिशोबात पाणी मिसळायचा. दुपारी रेल्वेच्या कारखान्याचा भोंगा झाला, ऊन पांढरं झालं, गल्लीत कुत्रंसुद्धा दिसेना झालं, की तिघं यायचे. जो ज्या दिवशी मोकळा असेल तो, आणि बहुधा तिघंही. आपसात बोलायचे नाहीत. आईची बाज जिथं असायची त्या भिंतीशी ओळीनं बसायचे.

आणि मग सुरू.

“सूनबाई, पाणी कोमट आहे.”

“सूनबाई, केर राहिलाय कोपऱ्यात.”

“सूनबाई, बांगड्यांचा आवाज किती तो.”

एक भटजींचा घोगरा गळा, एक गार्डाचा खर्ज, एक हल्केचा चिरका. बोलणं एकच. एकानं वाक्य टाकलं की दुसरा पुढून उचलायचा. तिघांनाही ओठ टिपायला लागायचे. अनुसूया टिपायला लागली होती. करणार काय?

भीमरावांच्या बायकोनं, शारदेनं, एकदा कुंपणावरून विचारलं, “वहिनी, आमचे हे दुपारभर तुमच्याकडे काय करतात हो?”

“सासुरवास,” अनुसूया म्हणाली.

शारदेला वाटलं, विनोद. ती हसली. अनुसूया हसली नाही. मधुसूदनरावांच्या ध्यानात आलं की ती कित्येक दिवसांत परसात गेली नव्हती, तोंडावर हात दाबून हसली नव्हती. गळ्याची हाडं वर आली होती. आईच्या आजारपणात ती झिजली होती, पण तेव्हा रोज रात्री निदान तिला झोप लागायची. आता भरदुपारी उभ्या उभ्या डोळे मिटायची. खिडकीत तिन्ही फळांच्या बियांची लांबच लांब रांग झाली होती. राखेतल्या राखेतच, मातीवाचून, पाण्यावाचून, काहींना पांढरे कोंब फुटले होते.

“ते झाड तोडा,” ती म्हणाली. “एक फळ राहिलंय अजून. कोणी खाल्लं तर चौथं येईल. मी चौथं तोंड नाही पुसू शकत हो. मरेन मी.”

ती थट्टेनं म्हणत नव्हती. हे मधुसूदनरावांना कळलं, कळलं म्हणजे डोक्यात कळलं, खाली उतरलं नाही. ते स्टेशनाच्या शेडमधून कुऱ्हाड घेऊन आले.

दुपारची वेळ. परसात गेले तर तिघं झाडाभोवती बसलेले. डबा केव्हाच फुटून मुळं जमिनीत गेली होती. तिघांनी माना वर केल्या. ना दटावणी, ना विरोध. भीमराव, भटजी, हल्के, तिघंही एकदम म्हणाले,

“मधू... जेवलास का?”

‘मधू’नंतरचा तो थांबा. फक्त एका बाईला येणारा थांबा. कामावरून उशिरा आलेल्या मुलाकडे बघून, रागवावं की वाढावं हे ठरवेपर्यंतचा.

मधुसूदनरावांच्या छातीत, त्या दुसऱ्याच्या झालेल्या जागी, मुंग्या आल्या. पायाला रक्त परत येताना येतात तशा. वर्षभरात पहिल्यांदा तिथं काहीतरी झालं. दुखलं. इतकं बरं वाटलं ते दुखणं!

त्यांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली.

“नाही अजून,” ते म्हणाले.

७

“झाड तोडणार होतात ना?” अनुसूयेनं विचारलं. दुसऱ्या दिवशीची दुपार. तिघं आत भिंतीशी बसलेले. नवरा-बायको परसदारी.

“कुऱ्हाडीला धार नाही.”

“खोटं.”

“रविवारी शाणवाल्याला बोलावतो.”

“अहो, माझ्याकडे बघा.” ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. “तुम्हाला ते हवंय. रोज भोंगा झाला की स्टेशनावरून पळत येता. आधी कधी आला होतात दुपारचे? ते तिघं मला टोचतात आणि तुम्ही दारात बसून ऐकत राहता. कान लावून. मी तुमची बायको आहे की तुमच्या आईचा आवाज काढायची पेटी? मला टोचलं की ती वाजते.”

“अनू, तू म्हणजे अशी बोलतेस की जशी काही...” त्यांना एक विनोद सुचला होता. अर्ध्यात तो सांडला.

आतून हाक आली, “सूनबाई!” तिघांची.

अनुसूया उठली. पण आत गेली नाही. झाडापाशी गेली, आणि शेवटचं फळ तोडून घेऊन परत पायरीवर येऊन बसली. हातात झेलून पाहिलं.

“एका घरात तीन-तीन सासवा,” ती म्हणाली, “एक मिशीवाली, एक शेंडीवाली, एक म्हशी राखणारी. आणि सून मी एकटी. आई होत्या तेव्हा निदान एकच तोंड होतं हो. पुसलं की पुसलं.”

“खाली ठेव ते.”

“का? गोड नसतं?”

“ठेव म्हणतो ना!”

“म्हणताय.” ती त्यांच्याकडे वळली. “पण उठत नाही आहात.”

मधुसूदनराव तिच्यापासून हातभर अंतरावर होते. हात लांब केला असता तर फळ खाली पडलं असतं, मातीत गेलं असतं, संपलं असतं. हात मांडीवर होता. उठ, असं त्यांनी हाताला सांगितलं. निदान नंतर त्यांना वाटलं की सांगितलं होतं.

अनुसूयेनं नखानं साल काढली. आणि मग ती हसली. कित्येक दिवसांनी हसली, तोंडावर हात न दाबता, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

“आता बघू,” ती म्हणाली, “मला कोण बोलतं ते.”

तिनं सावकाश खाल्लं. सगळं. मधुसूदनराव बघत राहिले. ती चावत होती तोवर ती होती. गिळल्यावरही थोडी होती, त्यांना तसं वाटलं. डोळे त्यांच्याकडे होते. मग ते त्यांच्या पलीकडे, भिंतीकडे, कुठंतरी गेले. तिनं तळहातावरच्या बियांवर मूठ मिटली आणि उठून आत गेली.

८

आत भीमराव किंचाळले.

“अगं आई गं! मेलो! माझी बोटं!” ते हात झाडत बाहेर आले. कितीक दिवसांचे भाजलेले डाग आज एकदम आग ओकत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “मधुसूदन, हलकटा, काय केलंस माझ्या हाताला? शारदे! अगं शारदे, तूप आण!”

मागून हल्के आला. घाबरून चारी बाजूंना बघत, स्वयंपाकघरातून आपण बाहेर आलो हे कळून अंग चोरत. “बाबूजी, हम इतै का कर रए? हमें कछू खबर नइयाँ. माई की सौं.” चुंबळ न घेताच पळाला. शेवटी भटजी आले, डोळे चोळत, उपरणं शोधत.

“किती वाजले हो? मला दतियाला जायचं होतं. श्राद्ध आहे एका ठिकाणी.” मग मधुसूदनरावांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. “वहिनी बऱ्या आहेत ना?”

“बरी आहे,” मधुसूदनराव म्हणाले.

भटजी गेले. शेजारून शारदेचं ओरडणं आणि भीमरावांचं विव्हळणं येऊ लागलं, जिवंत माणसांचं, भरघोस, शिव्यांसकट. यार्डात इंजिन शिट्टी देत होतं. सगळं जिथल्या तिथं आलं होतं. इतकं सोपं होतं तर!

मधुसूदनराव आत आले. भिंतीशी कोणी नव्हतं. स्वयंपाकघरातून आवाज येत होता, पाण्याचा, आणि पाण्यात काहीतरी चोळल्याचा.

ते दारात उभे राहिले. मोरीवर अनुसूया बसली होती, पाठमोरी. तेच लुगडं, तोच अंबाडा. मानेवर तोच तीळ.

“अनू,” ते म्हणाले.

चोळणं चालू होतं.

“अनुसूया. अगं, गेले सगळे. ऐकलंस का? गेले.”

पाण्याची धार. बी बीवर घासल्याचा आवाज.

“तुमच्या गुरसरायला,” मधुसूदनराव म्हणाले, आणि आवाज हसरा काढायचा त्यांनी फार प्रयत्न केला, “तुमच्या गुरसरायला नवऱ्यानं हाक मारली की ओ देत नाहीत वाटतं?”

पाठ हलली नाही. खांदासुद्धा हलला नाही. लग्न झाल्यापासून इतकी वर्षं त्या विनोदावर हमखास हसणारी पाठ ती.

भिंतीपलीकडे भीमराव रडत होते. खरंखुरं, दुखून. मधुसूदनरावांनी थोडा वेळ ते ऐकलं. बायकोच्या पाठीकडे पाहिलं. ही गेली, असं मनाला सांगून पाहिलं. मन म्हणालं, बरं.

आणखी एक हाक उरली होती. ती मारली तर ओ येणार होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि ती मारली, की पहिल्या हाकेला पुन्हा कधीही ओ येणार नव्हती, हेही ठाऊक होतं. चौकटीला धरून ते बराच वेळ उभे राहिले. निघून जाता आलं असतं. स्टेशन होतं, काम होतं, संध्याकाळपर्यंत ती भानावर आली असती, कोण जाणे, भीमराव नाही का आले?

छातीत मुंग्या येत होत्या.

“आई,” ते हळूच म्हणाले.

पाण्याचा आवाज थांबला. बसल्या जागी ती पाठ वळू लागली. आधी डावा खांदा आला. उजवा मागून, ओढत, आला.